धमनारचा अर्धा डोंगर

इंदूरहून धमनारला जाऊन आलेल्या माणसाला तिथे काय पाहिले असे विचारले, तर तो बहुधा धर्मराजेश्वराच्या मंदिराबद्दल बोलतो. जमिनीच्या पातळीखाली उभे असलेले देऊळ, त्याकडे नेणारी खडकात खोदलेली लांब वाट, गाभाऱ्यातले शिवलिंग, आणि हे सगळे एकाच खडकातून कोरले कसे याचे आश्चर्य, एवढे तो सांगतो. त्याच टेकडीच्या कड्यात ५१ बौद्ध लेणी आहेत, त्यांत चैत्य म्हणजे स्तूपाची उपासनास्थाने आहेत, विहार म्हणजे भिक्षूंची निवासस्थाने आहेत, पहुडलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती आहे, हे त्याच्या बोलण्यात येत नाही, कारण बहुतेकांनी तिकडे पाऊलच टाकलेले नसते आणि ज्यांनी टाकलेले असते त्यांनी त्या नुसत्या 'गुहा' म्हणून पाहिलेल्या असतात. याचा दोष पर्यटकावर टाकणे सोपे आहे, पण ते मला न्यायाचे वाटत नाही. आपण ते स्थळ लोकांसमोर मांडलेच अर्धे. आता तिथवर चांगले रस्ते पोहोचले आहेत आणि गर्दी त्यांच्या मागोमाग येणार आहे, तेव्हा धमनार हे एकच स्थळ म्हणून, मंदिर आणि लेणी मिळून, दाखवण्याची व्यवस्था आधी झाली पाहिजे आणि बाकीचा 'विकास' त्यानंतर आला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंदूरच्या मराठी माणसाने याविषयी बोलावे याला कारण आहे. मंदसौर जिल्ह्यात गरोठ तहसिलीत चंदवासा गावाजवळ असलेली ही टेकडी संस्थानी काळात होळकरांच्या रामपुरा–भानपुरा जिल्ह्यात मोडत होती. ज्या भानपुऱ्यात १८११ साली यशवंतराव होळकरांचे निधन झाले आणि जिथे त्यांची छत्री आहे, ते इथून फार लांब नाही. त्याच परिसरातल्या हिंगलाजगडच्या परमारकालीन मूर्ती आपल्या इंदूरच्या केंद्रीय संग्रहालयात आहेत आणि शाळेच्या सहलीत आपल्यापैकी अनेकांनी त्या पाहिल्या आहेत. असे असूनही पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपण त्यांना मांडू दाखवतो, महेश्वर आणि ओंकारेश्वर दाखवतो, आणि लेणी पाहायची हौस असली की स्वतः वेरूळ-अजिंठ्याची वाट धरतो. धमनार दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. उज्जैनहून गरोठकडे जाणारा चौपदरी मार्ग झाला, दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गही गरोठच्या बाजूने जातो, आणि गांधीसागरच्या जलाशयावर सुटी घालवायला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे. सकाळी निघून रात्री घरी परतता येईल असे हे ठिकाण आता झाले आहे, आणि काळजी करण्याजोगी गोष्टही हीच आहे.

मी पहिल्यांदा गेलो तो अशाच एका दिवसाच्या सहलीत. आमच्या वसाहतीतली तीसेक माणसे बसने निघाली होती. आयोजकांनी गांधीसागरसाठी दुपार राखून ठेवली होती आणि धमनारला पाऊण तास दिला होता. त्या पाऊण तासात आम्ही मंदिराच्या खड्ड्यात उतरलो, दर्शन घेतले, छायाचित्रे काढली, वर आलो आणि बसमध्ये बसलो. लेण्यांचा उल्लेखही कुणी केला नाही. लेणी आहेत हे मला ठाऊक होते, पण बस थांबवून धरण्याइतका मी आग्रही झालो नाही, याची खंत मला पुढे बरेच दिवस होती. परतीच्या वाटेवर शेजारच्या काकूंनी विचारले की लेणी लेणी म्हणतात ती कुठली, मंदिरालाच लेणे म्हणतात का? त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण मंदिरही कोरलेलेच आहे.

मंदिराची थोरवी कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. वरच्या सपाटीवरून चालताना समोर काही आहे असे वाटतही नाही. मग एकाएकी सुमारे नऊ मीटर खोल खड्डा लागतो, त्याच्या मध्यभागी शिखरासह उभे असलेले मुख्य मंदिर दिसते आणि भोवती सात लहान देवळे. साधारणपणे आठव्या-नवव्या शतकातले हे काम मानले जाते. आधी कळस आणि मग पाया, हे आपण वेरूळच्या कैलासाविषयी म्हणतो ते इथेही खरे आहे: कारागिरांनी शिखरापासून सुरुवात केली आणि खाली जोत्याकडे उतरत आले, त्यामुळे चुकून जास्त दगड निघाला तर तो परत बसवण्याची सोय नव्हती. मूळचे हे मंदिर विष्णूचे, आणि आज तिथे शिवलिंगाचीही पूजा होते. मात्र या मंदिराला 'छोटे वेरूळ' म्हणून जो परिचय करून दिला जातो, तो मला अन्यायकारक वाटतो. कैलासाची घडण द्राविड पद्धतीची आहे आणि धर्मराजेश्वराचे शिखर उत्तरेकडच्या नागर पद्धतीचे. कैलास काळ्या बेसाल्टमध्ये कोरला आहे आणि धमनारचा दगड आहे जांभा. एकाला मोठे आणि दुसऱ्याला छोटे म्हटले की पाहणारा फक्त आकार मोजतो, आणि आकारात वेरूळची बरोबरी होणार नाही हे ठरलेलेच असल्याने तो थोडासा निराश होऊनच परततो.

जांभ्याचा हा मुद्दा लेण्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे, किंबहुना माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधारच तो आहे. जांभा हा लोहयुक्त, खरखरीत, छिद्राछिद्रांचा दगड. त्यात बारीक नक्षी टिकत नाही, चेहऱ्यावरचे भाव उतरत नाहीत. कारागिरांनी त्यावर गिलावा चढवून काम पुरे केले होते. तो गिलावा शतकांच्या पाऊसपाण्यात गळून पडला आणि आज आपल्यासमोर राहिला आहे तो मूर्तीचा नुसता सांगाडा: बसलेली आकृती, पहुडलेली आकृती, स्तूपाचा घुमटाकार ढीग, खोल्यांची काळी दारे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी काही सांगितले नाही तरी तो थांबतो, कारण चित्रच त्याला थांबवते. धमनारला तसे होत नाही. इथले सौंदर्य मांडणीत आणि रचनेत आहे, आणि ते कुणीतरी बोट ठेवून दाखवल्याशिवाय कळत नाही. 'भीम बाजार' म्हणून ओळखले जाणारे सर्वांत मोठे लेणे घ्या. मध्ये चैत्य, त्याच्या भोवती फिरण्याची वाट, आणि त्या वाटेला लागून भिक्षूंच्या खोल्या, अशी चैत्य आणि विहार एकत्र आणणारी रचना तिथे आहे. अजिंठ्याला किंवा कार्ल्याला चैत्यगृह वेगळे आणि राहण्याचा विहार वेगळा असतो. इथे भिक्षू आपल्या खोलीच्या दारातून बाहेर पडला की समोर स्तूपच. ज्याला हे सांगितले जाते तो त्या ओसाड खोल्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. ज्याला सांगितले जात नाही त्याला तिथे पडकी भोके दिसतात, आणि पडक्या भोकात माणूस कागद टाकतो, भिंतीवर नाव कोरतो. भिंतीवर कोरलेली नावे मी तिथे पाहिली आहेत. संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे कायद्यात आहे. पण आपण नेमके कशावर खिळा घासतो आहोत हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला दंडाची भीती किती दिवस आवरणार?

या टेकडीचा अर्थ लावण्याचा इतिहासही मोठा बोलका आहे. राजस्थानचा इतिहास लिहिणारा इंग्रज अधिकारी जेम्स टॉड १८२१ साली इथे आला. गावकऱ्यांच्या मते लेणी पांडवांची होती, आणि भीम बाजार, बडी कचेरी, छोटी कचेरी ही नावे लोकांनीच दिलेली. टॉडबरोबर त्याचे जैन गुरू, एक यती, होते. मूर्ती तीर्थंकरांच्या आहेत असे त्यांनी त्याला सांगितले आणि टॉडने ते मानले. पुढे जेम्स फर्ग्युसन आणि अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या लेण्यांचे बौद्ध स्वरूप स्पष्ट केले. एकाच मूर्तीत गावकऱ्याने पांडव पाहिला, यतीने तीर्थंकर पाहिला आणि अभ्यासकाने बुद्ध पाहिला. प्रत्येकाने आपल्या घरातून आणलेल्या ओळखीने तिथे ओळख पटवली, आणि यात लबाडी कुणाचीच नव्हती. टॉडसारखा चौकस, टिपणे काढणारा माणूस सोबतच्या माणसाने सांगितले ते स्वीकारतो, तर पाऊण तासासाठी उतरलेल्या पर्यटकाकडून स्वतःच्या बळावर सगळे समजून घेण्याची अपेक्षा आपण कशी करावी? सोबत कोण आहे आणि तो काय सांगतो, यावरच तिथले पाहणे ठरते.

म्हणूनच तिथे काय सांगावे याबद्दल फार जपले पाहिजे. दोन तऱ्हेच्या गोष्टी अशा ठिकाणी सहज तयार होतात. एक गोष्ट सलोख्याची: दोन्ही धर्म इथे गुण्यागोविंदाने नांदत होते. दुसरी कुरघोडीची: एकाने दुसऱ्याला हुसकावून त्याच्या डोक्यावर आपले देऊळ कोरले. पहिली ऐकायला गोड आहे, दुसरी ऐकून रक्त उसळते, आणि दोन्ही त्या दगडाने दिलेल्या पुराव्याच्या पुढे जातात. दगड आपल्याला एवढे सांगतो की लेणी आधीची आहेत आणि मंदिर त्यानंतरचे, की मंदिरासाठी सपाटीचा मधला भाग निवडला गेला आणि लेणी कड्याच्या बाजूला राहिली. यापेक्षा अधिक सांगणाऱ्या मार्गदर्शकाला मी त्या टेकडीवर उभे करणार नाही, मग तो कितीही रंगवून सांगणारा असो. त्याच वेळी पांडवांची नावे फलकावरून पुसून टाकावीत असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. वेरूळच्या दहाव्या लेण्यातल्या बुद्धाला सुतारांनी विश्वकर्मा मानले आणि त्या लेण्याला 'सुतार झोपडी' म्हटले. ते नाव आज त्या लेण्याच्या इतिहासाचाच भाग आहे. भिक्षू निघून गेल्यावर कित्येक शतके या लेण्यांना ज्यांनी नावाने हाक मारली ते आसपासचे शेतकरी आणि गुराखी होते. 'भीम बाजार' हे नाव ठेवावे, ते कुठून आले ते सांगावे आणि आत प्रत्यक्षात काय आहे तेही सांगावे. श्रोत्याला दोन्ही पेलवते.

आपण मराठी माणसांनी या बाबतीत थोडे आपल्याकडेही पाहावे. अष्टविनायकाची यात्रा इंदुरातली किती कुटुंबे करतात! लेण्याद्रीच्या तीनशेवर पायऱ्या चढून आपण गिरिजात्मजासमोर उभे राहतो. तो खांब नसलेला मोठा सभामंडप आणि त्याच्या भिंतींत असलेल्या खोल्या हा बौद्ध विहार आहे, आणि शेजारच्याच लेण्यात चैत्यगृह आहे, हे किती जणांच्या लक्षात येते? गणपतीसमोर हात जोडण्याने विहाराचा काही अपमान होत नाही आणि विहार ओळखल्याने गणपतीवरची श्रद्धा उणी होत नाही. उलट आपण कुठे बसून अथर्वशीर्ष म्हणतो आहोत हे ठाऊक असणे ही त्या जागेची बूज राखणेच आहे.

दुसरी बाजू याहून नाजूक आहे. इंदूरजवळच्या महूला, म्हणजे आताच्या डॉ. आंबेडकर नगरला, दरवर्षी १४ एप्रिलला महाराष्ट्रातून फार मोठ्या संख्येने लोक येतात. बाबासाहेबांच्या जन्मस्थळी नतमस्तक होऊन ते परत जातात. त्याच माळव्यात धमनारची लेणी आहेत, बाघची लेणी आहेत, याची त्यांच्यापैकी फार थोड्यांना कल्पना असावी. त्यांच्यासाठी ती सहलीची जागा नाही, वंदनेची आहे. म्हणजे धमनारच्या टेकडीवर येणारे दोन तऱ्हेचे श्रद्धावान आहेत आणि तिसरा निव्वळ पाहायला येणारा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे धोरण असे आहे की स्मारक संरक्षणाखाली आले तेव्हा तिथे पूजा चालू असेल तर ती चालू राहते, आणि नसेल तर नव्याने सुरू होऊ दिली जात नाही. हे धोरण मला शहाणपणाचे वाटते, कारण ते मोडले तर देशातल्या प्रत्येक पडक्या भिंतीवरून भांडण उभे राहील. पण त्याचा परिणाम असा होतो की मंदिराला महाशिवरात्रीची जत्रा आहे, नैवेद्य आहे, पुजारी आहे, तिथे जाणाऱ्याला थांबवून धरणारे काहीतरी आहे. लेण्यांना यांपैकी काहीच नाही. जिथे दिवा लावायची परवानगी नाही तिथे निदान समजावून सांगणारा माणूस असावा, ही मागणी धोरणाच्या चौकटीत पूर्ण बसते.

यावर एक आक्षेप मला माझ्या एका स्नेह्याने घेतला आणि तो विचार करण्याजोगा आहे. त्याचे म्हणणे असे की लोक तिकडे जात नाहीत तेच बरे. लेणी एकटी आहेत म्हणून वाचली आहेत, पर्यटक नेले की ती संपतील. गर्दीने लेण्यांचे नुकसान होते हे खरे आहे. अजिंठ्यात श्वासांची वाफ आणि ओल यांची चिंता आहे, चित्रांच्या लेण्यांत एका वेळी थोड्याच लोकांना सोडले जाते, वाहने चार किलोमीटर अलीकडे फर्दापूरच्या फाट्यावर थांबवली जातात. पण एकटेपणाने लेणी वाचतात हे मात्र खरे नाही. बाघकडे पाहावे. तिथे नऊ लेण्यांपैकी पाचच आज धड उरली आहेत. तिथला मऊ खडक आणि डोंगरातून झिरपणारे पाणी यांनी चित्रे खाल्ली. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने मो. ब. गर्दे यांच्या काळात १९२१ च्या सुमारास नंदलाल बोस आणि इतर चित्रकारांकडून त्यांच्या नकला करवून घेतल्या, त्या आज ग्वाल्हेरच्या गुजरी महालात आहेत. आणि पुढे १९८२ मध्ये उरलेली चित्रे भिंतींवरून काढून जतन करावी लागली. कुणाला तरी त्या जागेची किंमत कळली म्हणून त्या नकला झाल्या. धमनारच्या जांभ्यातही पाणी मुरते, आणि पाणी मुरते आहे हे वेळेवर लक्षात यायला तिथे रोज जाणारी, ओळखीच्या डोळ्यांची माणसे हवीत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वाट एकच असावी आणि ती लेण्यांपासून सुरू होऊन मंदिरात संपावी. काळाचा क्रम तोच आहे, आणि दर्शनाच्या ओढीने निघालेला माणूस मधल्या लेण्यांत थांबेल, मंदिर झाल्यावर मागे फिरणार नाही. चंदवासा आणि आसपासच्या गावांतल्या शिकलेल्या मुलामुलींना नीट प्रशिक्षण देऊन मार्गदर्शक म्हणून उभे करावे. ते माळवीत बोलतात, हिंदी बोलतात, आणि पांडवांच्या कथा त्यांना आजीकडून मिळालेल्या आहेत. फलकांवर लेण्याचे लोकांतले नाव आणि त्याचे खरे स्वरूप दोन्ही असावे, गिलाव्यासह मूर्ती कशी दिसत असेल याचे एखादे रेखाचित्र असावे, कारण जांभ्याचा उघडा सांगाडा पाहून मूळ रूपाची कल्पना करणे सामान्य माणसाला अवघड जाते. सहल नेणाऱ्यांनी दोन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये. रंगीत दिवे, कमानी, छायाचित्रांसाठी चौथरे हे सगळे नंतर पाहता येईल, आणि खरे तर त्यांच्यावाचून काही अडत नाही. एका सुशोभित प्रवेशद्वारावर जो पैसा जातो त्यात दहा-बारा मार्गदर्शकांचे बरेच दिवस निघतील, असा माझा अंदाज आहे.

पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा गेलो, या वेळी आत्याला घेऊन. तिचे वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे, पण देवदर्शन म्हटले की ती नाही म्हणत नाही. मी तिला आधी लेण्यांकडे नेले. बडी कचेरीच्या खांबांपाशी ती बराच वेळ टेकून उभी राहिली. पहुडलेल्या बुद्धाच्या मूर्तीसमोर आल्यावर तिने काही न बोलता चपला काढून बाजूला ठेवल्या आणि विचारले, "इथे कोण झोपलंय रे?" मी तिला कुशीनगरची ती रात्र सांगितली, दोन शालवृक्षांमधला तो शेवटचा प्रहर सांगितला. ती ऐकत राहिली. मूर्तीच्या चेहऱ्याच्या जागी आता खडबडीत दगड आहे, तिकडेच ती पाहत होती. बाहेर सहलीची एक बस येऊन लागल्याचा आवाज झाला, माणसे उतरून मंदिराच्या बाजूला गेली, आणि थोड्या वेळाने बस निघून गेल्याचाही आवाज आला. आत्या चपला घालता घालता म्हणाली, "अरे, ती माणसं इकडे आलीच नाहीत. त्यांना कुणी सांगितलं नाही का?"